आईंची पैज आणि गुलब्याचा खुराक

चिखली
वैशाख पौर्णिमा, १२ मे

प्रिय वन्सं,

तुम्हाला वाकून नमस्कार. वाकून हे आपलं कागदावर. प्रत्यक्षात वाकल्यावर मला सरळ व्हायला हल्ली जो वेळ लागतो, तेवढ्यात तुमचा आशीर्वाद शिळा होईल.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही, फाडावं लागतं. तुम्ही जन्म बँकेत काढलेल्या; शिक्का असलेला कागद फाडायला तुमचा हात धजावणार नाही, म्हणून खाली शाळेचा शिक्का मारला आहे.

फोनवरचं तुमचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. "वहिनी, माझी आई गोठ्यात पडून राहते आणि तुम्ही तिकडे पोरांकडून रूपं घोकून घेता." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. वस्तुस्थितीत मात्र एक दुरुस्ती आहे. आई पडल्या नव्हत्या. गुलब्याच्या खुरात खडा अडकला होता, तो काढायला त्या उकिडव्या बसल्या आणि मग उठता येईना. घरात कोणी नव्हतं. मी शाळेत, तुमचे बंधू रोहिदासराव भोसरीला वर्कशॉपवर. दुपारी मी आले तेव्हा त्या बैलाच्या पायाशी तशाच बसलेल्या. गुलब्या म्हणजे मामंजींचा शेवटचा शर्यतीचा बैल. मामंजी गेले, शर्यती सुटल्या, हा मात्र आमच्याकडे सुखाने निवृत्तिवेतन खातो आहे.

"आई, हाक का नाही मारली कोणाला?"

"कुणाला मारू? त्या बिल्डिंगीतल्यांस्नी? त्यांनी आदी फोटू काडला आस्ता."

डॉक्टरांनी तपासलं. हाडं शाबूत, किडनी उत्तम. गेलंय ते मांड्यांमधलं मांस. वय झालं की ते थोडं थोडं जातंच, आणि वापरलं नाही, नीट खाल्लं नाही, तर फार घाईने जातं. मी विचारलं, परत येतं का? म्हणाले, "शहात्तराव्या वर्षीही येतं. पण मागून घ्यावं लागतं."

तुम्ही त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलंय, खोली सजवलीय, खालीवर होणारा पलंग आणलाय, दिवसाची बाई, रात्रीची बाई नेमलीय, हे मला ठाऊक आहे. आईंनी तुमच्याशी लावलेली पैजही मी स्वयंपाकघरातून ऐकली: "भादवी पोळ्याला ये. गुलब्याचं पाय धुवाया मी खाली बसन आन कुणाचा हात न धरता उठन. न्हाई उठले, तर तुज्या गाडीत बसन."

माझं यावर काही म्हणणं नाही. पण पैज लावणाऱ्याला तयारीची संधी मिळाली पाहिजे, एवढा न्याय तर आम्ही आठवीच्या मुलांनाही देतो.

म्हणून आई आता जिमला जातात.

पत्र खाली ठेवू नका. कोपऱ्यावरच्या जिममध्ये बुद्धरत्न नावाचा प्रशिक्षक आहे. मूळ परभणीकडचा, आधी चाकणला एका कंपनीत प्रेसवर होता, पाळ्या सांभाळून हे शास्त्र शिकला. दुपारी जिम ओस असते तेव्हा आम्ही जातो. आई नऊवारीत, डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ. दंड फुगवून आरशात बघणारी दोन पोरं होती, त्यांनी आईंना पाहून गाणं बंद केलं आणि अंगात शर्ट घातले.

बुद्धरत्नाने एक खुर्ची मांडली. "आजी, बसा. आता हात छातीवर आन उठा."

आई उठल्या. कशाबशा.

"आता परत बसा."

"ह्ये काय रं? उठबस कराया हितं आणलं मला? शाळंत ही शिक्षा हुती."

पण शास्त्र एवढंच आहे, वन्सं. स्नायूला झेपेल त्याच्यापेक्षा किंचित जास्त काम द्यायचं, मग त्याला विश्रांती द्यायची, आणि झेपायला लागलं की काम वाढवायचं. मी संस्कृतच्या तासाला मुलांना ‘देव’ पाठ झाला की ‘वन’ देते, ‘वन’ झाला की ‘माला’. पाठ झालेल्या शब्दावरच वर्षभर रेंगाळलं तर मूल हुशार होत नाही, नुसतं सुखी होतं.

दुसऱ्या दिवशी आईंच्या मांड्या ठणकत होत्या. त्यांनी तुम्हाला निरोप दिला आहे: "वर्षीला सांग, तुज्या वैनीनं मला मारलं." निरोप जसाच्या तसा पोचवला आहे.

तुमची
जयमाला


१९ जून

प्रिय वन्सं,

तुम्ही पाठवलेला वॉकर पोचला. भक्कम आहे. सध्या त्यावर रोहिदासरावांचे टॉवेल वाळतात. आईंनी तो एकदा धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याला चार पाय, मला दोन. त्यो म्हातारा का मी?"

प्रगती सांगते. खुर्चीवरून उठणं आता त्यांना खेळ वाटतो. बुद्धरत्नाने खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल आणलं, मग हातात वजन दिलं. जिममधली वजनं आईंना धरवेनात, दांड्या जाड. म्हणून तुमच्या बंधूंनी लेथवर त्यांच्या मुठीच्या मापाचे दोन पोलादी डंबेल कातून आणले. ज्या माणसाला बायकोच्या साडीचा रंग सव्वीस वर्षांत आठवलेला नाही, त्याने आईच्या बोटांची जाडी मायक्रोमीटरने मोजली. चकाकी अशी की आई त्यात बघून पदर सारखा करतात.

आता रड. बुद्धरत्न टेपने मांडीचा घेर घेतो. तो जागचा हलत नाही. सुरुवातीला जोर वाढला तो मेंदूला जुन्या वाटा आठवल्या म्हणून, असं तो म्हणतो. त्या आठवून झाल्या. आता पुढचा जोर यायचा तर मांसच वाढायला हवं. आणि मांस हवेतून होत नाही.

"काकू, आजी जेवायलेत ना नीट?" त्याने मला विचारलं.

मला राग आला. मी या घरात सव्वीस वर्षं रांधते आहे. त्याने सांगितलेलं सगळं होतंय: सकाळी मूग आणि दही, दुपारी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, वर घट्ट वरण, संध्याकाळी भिजवलेले हरभरे, रात्री पुन्हा दूध-डाळ. अंडं नाही, माळ आहे ना. तरुण माणसाच्या स्नायूला थोडं प्रथिन पुरतं. म्हाताऱ्या स्नायूला कमी ऐकू येतं, त्याला मोठ्याने सांगावं लागतं, तेही दर जेवणाला. एका वेळी ढीगभर खाऊन बाकी दिवस चहावर काढला तर त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. हे सगळं मी आईंना समजावलं. त्यांनी मान डोलावली. ताटं रिकामी परत येतात, लख्ख.

आणि तरी टेप हलत नाही. पोळा जवळ येतोय. माझं काही म्हणणं नाही, फक्त कळवते.

जयमाला

ता. क. गुलब्या मात्र विलक्षण देखणा दिसायला लागला आहे. सोसायटीतली मुलं त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावतात.


७ जुलै

प्रिय वन्सं,

चोर सापडला. चोराला चार पाय आहेत, आणि चोराचा साथीदार तुमच्या माहेरची सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती आहे.

रविवारी रोहिदासराव गुलब्याला धुवत होते. पाठीवर हात फिरवून म्हणाले, "ह्याला काय घालता गं? रिटायर बैल आन पुठ्ठे बघ. उद्या शर्यतीत पळंल." मी कडबा आणि पेंड सांगितली. तेवढ्यात त्यांनी गव्हाणीत हात घातला आणि मूठ उघडून माझ्यापुढे धरली. मुठीत सोयाबीनची वडी होती. माझ्या फोडणीची.

आई दारातच होत्या. पळून जायचा त्यांनी विचार केला असावा, पण उंबरा आडवा आला.

"आई, हे किती दिवस?"

"त्यो बघतो गं मज्याकडं."

"आणि पनीर?"

"पनीर त्याला आवडत न्हाई. त्ये मी मांजराला घातलं."

वन्सं, मी उभं आयुष्य लबाड पोरांना शिकवण्यात घालवलं आहे, पण इतकी प्रामाणिक लबाडी पहिल्यांदा पाहिली. मी विचारलं, असं का? तेव्हा त्या म्हणाल्या:

"आगं, खुराक त्यानं खायाचा ज्यो राबतो, ज्यो पळतो. बाईमाणसानं, त्यात म्हातारीनं, खुराक खाऊन काय करायचं? आमच्या घरात बाई शेवटी जेवली. उरंल त्ये जेवली. कुनी मेली न्हाई."

तुम्हालाही आठवत असेल. या घरात शर्यतीच्या बैलाला उडदाची भरड, दूध, बदाम मिळत. आई गळ्यात माळ घालून बांबूच्या नळीतून बैलाच्या घशात अंडी ओतत, आणि स्वतः मात्र बुट्टीतली शेवटची भाकर ठेच्याशी खात. बैलाचं शास्त्र त्यांना मुखोद्गत, आणि ते आपल्याला लागू असेल ही शंकाही कधी त्यांना शिवली नाही.

मग मी गुरुजींचा आवाज काढला. "आई, शर्यत झाल्यावर बैलाला काय करायचात?"

"दुसऱ्या दिशी जुपायचा न्हाई. चोळायचा, खुराक द्याचा, निजू द्याचा."

"आणि उपाशी ठेवून पळवला असता तर?"

"तुज्या सासऱ्यानं मला गावाबाहीर काडलं आस्तं."

"मग आम्ही तुम्हाला एक दिवसाआड पळवतोय. त्याचं काय?"

आईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "मला बैल समजलीस व्हय गं, मास्तरीणबाई?"

"नाही. बैलाइतकी तरी समजा, एवढंच म्हणते."

हसल्या. पण मामला मिटला नाही, कारण काल एकादशी, चातुर्मास सुरू. आई दर चातुर्मासात काहीतरी सोडतात, शिवाय एकवेळ जेवतात. एकवेळ जेवण म्हणजे आमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. बुद्धरत्न हात जोडून उभा राहिला: "आजी, आत्ता कुठं खुराक तुमच्या पोटात जायलाय. साबुदाण्यावर नाही होणार हे."

"माजा नेम हाय. मास्तरीणबाई, तुज्या पोथ्यांत काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, वृद्ध, आजारी आणि बाळंतीण यांना उपासाची सूट आहे. खरंच आहे, मी धर्मशास्त्रात पाहिलं. सापडलं नसतं तर दुसऱ्या पोथीत पाहिलं असतं.

"सूट घिऊन नेम कसला? कायतरी सोडाय पायजेलच."

रात्रभर विचार केला असावा. आज सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला आणि मोठ्याने सांगितलं, आम्हा दोघांना ऐकू जाईल असं: "ह्या चातुर्मासात माज्या ताटातलं कुनाला देनार न्हाई. पोराला न्हाई, मांजराला न्हाई, गुलब्याला न्हाई."

वन्सं, त्यांनी आजवर साखर सोडली, चहा सोडला, गादी सोडली. यातलं काहीच त्यांना जड गेलं नव्हतं. आज दुपारी पहिल्यांदा त्या माझ्या आधी जेवायला बसल्या. गुलब्या गोठ्यातून हंबरला. आईंचा घास हातातच थांबला, डोळे भरले, आणि मग त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

मी परसात जाऊन विनाकारण भांडी घासली.

जयमाला


२४ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

पार्सल मिळालं. प्रथिनांच्या पावडरीचा डबा. सोबत चिठ्ठी नव्हती. पण डबा व्हॅनिलाचा होता, आणि आईंना व्हॅनिला आवडतो हे या घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक आहे. आई चाखून म्हणाल्या, "आइस्क्रीमची राख." पण घेतात. नेम आहे, कोणाला देता येत नाही.

चांगली बातमी आधी: टेप हलला. बुद्धरत्नाने दोनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं. आईंनी मांडी आवळून दाखवली. तिच्यावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येतो. त्या आता जमिनीवर बसून एक गुडघा टेकतात, दुसरा पाय पुढे रोवतात, त्याच्यावर हात ठेवून उठतात. स्वतःचा गुडघा धरायला पैजेत बंदी नाही, हे मी त्यांना नीट विचारून घेतलं.

हे झालं नागपंचमीपर्यंतचं.

नागपंचमीनंतर आईंना ताप आला. सध्या अख्ख्या चिखलीत आहे. ताप आठवड्यात उतरला, अशक्तपणा राहिला. पलंगावरून उठून जिममध्ये गेलो तर आई त्या बुटक्या स्टुलावरूनही उठेनात. जे उभं करायला तीन महिने लागले, ते आठ दिवस पडून राहण्याने निम्मं नेलं. म्हातारपणी बिछाना फार वेगाने मांस खातो, बुद्धरत्न म्हणाला. हे तुमच्या खालीवर होणाऱ्या पलंगाविषयी नाही. सहज ओघात आलं.

आईंना घरी आणलं. दारात म्हणाल्या, "वर्षीच्या गाडीत बसन मी. तिची बी हौस व्हईल."

मी कुलूप उघडलं. बोलले असते तर कर्ता, कर्म, क्रियापद एका जागी आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बुद्धरत्न शिफ्ट असल्यासारखा दारात हजर. "आजी, एकदा कमावलेलं मांस परत लौकर येतंय. पहिल्यावानी वेळ लागत नाही. शरीर जागा धरून ठेवतंय." आईंनी माझ्याकडे पाहिलं: खरं का? मी म्हटलं, मुलं सुट्टीत सगळं विसरतात, पण दुसऱ्यांदा शिकवायला निम्माच वेळ लागतो. त्यांनी पदर खोचला.

पुन्हा खुर्चीपासून. पोळ्याला पुरे पडेल की नाही, तो सांगत नाही. मीही विचारत नाही.

तुमची
जयमाला

ता. क. सोबतीला कोणीतरी हवं म्हणून मीही उठबशा काढते. फक्त सोबत म्हणून. परवा शाळेत दोन जिने न थांबता चढले आणि वर पोचल्यावर मुख्याध्यापकांना पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.


१२ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

पोळ्याला येताय हे रोहिदासरावांकडून कळलं. गाडी घेऊन येताय हेही.

आईंची ट्रंक माळ्यावरून काढली आहे. पैज म्हणजे पैज. लुगडी भरली होती; पुन्हा बाहेर काढली. इस्त्री नीट नव्हती.

परवा त्या जमिनीवरून उठल्या. काल नाही उठल्या. आज विश्रांतीचा दिवस.

या. पुरण मी घालते.

जयमाला


चिखली
आश्विन शुद्ध द्वितीया, २३ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

पोळ्याला तुम्ही इथेच होतात, तरी लिहिते. कारण ऐन वेळी तुम्ही डोळे मिटले होते आणि घटनेचा मधला भाग तुमच्याकडे नाही. मी सगळा पाहिला आहे, तेव्हा साक्ष माझी.

गुलब्याच्या शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. सोसायटीच्या भिंतीपलीकडून मुलं डोकावलेली. बुद्धरत्न पंचासारखा हाताची घडी घालून उभा, आणि रोहिदासराव बैलाचा कासरा इतका घट्ट धरून की जणू पैज त्यांचीच आहे. आईंनी तांब्या घेतला आणि खाली बसल्या. चारही खुरांवर पाणी घातलं, हळद लावली, कुंकू लावलं. कुठेही घाई नाही. मग गुडघा टेकला आणि दुसरा पाय रोवला. इथे तुम्ही डोळे मिटलेत, वन्सं, पण दोन्ही हात पुढे केलेले. पडल्या तर धरायला. ते हात मी पाहिले. मेपासून तुमच्यावर जे जे मनात धरलं होतं, ते त्या हातांकडे पाहून सोडून दिलं.

आणि नेमका तेव्हाच गुलब्याने, पुरणपोळीच्या आशेने, आपलं सबंध मुस्कट आईंच्या खांद्यावर ठेवलं.

कोणीच हललं नाही. हलावं तर मदत ठरेल. आईंनी मानही वळवली नाही. "हो मागं, भाड्या," म्हणाल्या, "चातुर्मास हाय माजा." आणि उठल्या. बैलाच्या मुंडक्यासकट उठल्या! ते त्यांच्या खांद्यावरून घसरलं तेव्हा त्या उभ्या होत्या.

बुद्धरत्न म्हणाला, "वजनाचं बोललो नव्हतो आपण, आजी." आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. तुम्ही डोळे उघडलेत ते त्यानंतर.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण ठाऊक असलेलं पुन्हा सांगण्यात मला आनंद आहे. आई म्हणाल्या, "लेकीनं बी पाणी घालायचं आस्तं. बस खाली." तुम्ही पैठणीत बसलात, छान बसलात. पाणी घातलंत, कुंकू लावलंत. आणि मग, वन्सं, तुम्ही एकदा उठायचा प्रयत्न केलात, मग दुसऱ्यांदा, मग बैलाशी बोलायला लागलात.

आईंनी हात पुढे केला. तुम्ही धरलात. छप्पन्न वर्षांच्या मुलीला शहात्तर वर्षांच्या आईने एका झटक्यात उभं केलं, आणि तुम्ही तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात, नेमकं जिथे गुलब्याने ठेवलं होतं तिथेच. त्या हातात जोर कुठून आला, ते मी मेपासून लिहिते आहे.

मला या म्हातारीचा इतका अभिमान वाटतो, वन्सं, की काल वर्गात ‘माला’ शब्द चालवताना मध्येच थांबले, आणि मुलांना वाटलं बाईंना रूप आठवेना.

तुम्ही एकट्या गेलात. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. या वेळी ती मी एकटीने चढवली, हेही नोंदवून ठेवते. गाडीत मागच्या सीटवर जड पिशवी सापडली असेल. पुरणपोळ्या वरच्या डब्यात आहेत. खालचे दोन पोलादी डंबेल तुमचे. जेवताना तुम्ही पाण्याचा पेला धरला होतात, तेवढ्यात तुमच्या बंधूंनी मुठीचं माप घेतलं आणि रात्रीतून लेथवर कातून आणले.

आणि आईंचा निरोप, जसाच्या तसा: "वर्षीला म्हनावं, फुडल्या भादवी पोळ्याला यायाचं, खाली बसायचं आन कुनाचा हात न धरता उठायचं. न्हाई उठली, तर तिला हितंच ठिऊन घीन. माज्यापाशी."

यावर मात्र माझं म्हणणं आहे. खोली तयार करते.

तुमची
जयमाला